एकाच डब्यात दोन अण्णा

मन्मथअप्पांच्या दुकानात तुम्ही छत्री विसरलात तर ती हमखास परत मिळते, पण तिच्या दांड्यावर तुमचं नाव कोरलेलं असतं. तुम्ही सांगितलेलं नसतं. "आधी नाव, मग वस्तू," एवढंच म्हणून अप्पा पुढच्या पातेल्याला हात घालतात.

बीडच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून माझी टायपिंगची संस्था. भांड्यांवर नावं घालायचं त्यांचं मशीन दिवसभर किरकिरायचं. माझ्या स्टेपलरवरसुद्धा माझं नाव आहे, गावासकट. गाव घातल्याशिवाय त्यांचं नाव पुरं होत नसे. एकाची वस्तू दुसऱ्याच्या घरी जाईल ही त्यांची कायमची धास्ती. लग्नाच्या पंगतीत बसले तरी वाढण्याआधी ताट उलटं करून कुणाचं आहे ते बघायचे, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अशा माणसाच्या डोक्यात ईमेल शिरलं. तेव्हा आमच्याकडे इंटरनेट नुकतंच आलं होतं, फोनच्या तारेवरून केकाटत यायचं. अप्पांनी पराती एका बाजूला सरकवून कॉम्प्युटर बसवला आणि पुण्याच्या एका कंपनीकडून एक सर्व्हर वर्षभरासाठी भाड्याने घेतला. बेत असा की सर्व्हर एकच, त्यावर पाच गिऱ्हाइकांची पाच डोमेनं, आणि प्रत्येकाला स्वतःच्या संस्थेच्या नावाचा पत्ता. जाडजूड इंग्रजी पुस्तक मी वाचून सांगायचो. अर्धं मला कळत नसे, उरलेलं अर्धं अप्पा ऐकत नसत. "ॲटच्या अलीकडं माणूस, पलीकडं गाव," ते म्हणाले. "हे तर आपलंच शास्त्र हाय, मास्तर."

शास्त्र आपलं असलं तरी झोप त्यांची उडाली. गिऱ्हाइकाला मेल पाठवला की पाठोपाठ चालत जाऊन मिळाला का म्हणून विचारायचे. बहुतेक वेळा मेलच्या आधी अप्पा पोचायचे.

पत्त्यात नाव काय घालायचं, असं अप्पांनी पाचही जणांना विचारलं. आमच्याकडे मोठ्या माणसाला पाळण्यातल्या नावाने कोण हाक मारतो? एकाने दादासाहेब सांगितलं, एकाने भाऊ, एकाने काकाजी. उरलेल्या दोघांनी अण्णा सांगितलं. एक तेलगावचे अण्णा, जिनिंगवाले. दुसरे बीडचे अण्णा, कॉलेजवाले. दोघे सख्खे भाऊ. घरात थोरला तेवढा अण्णा आणि धाकटा बाळू होता. वाटण्यांच्या वेळी भांडण झालं, बोलणं तुटलं, बाळूने बीडला कॉलेज काढलं आणि तिथल्या मास्तरांनी त्यालाही अण्णा करून टाकलं. आणखी एक गोष्ट आम्हाला तेव्हा फार गंमतीची वाटली. पासवर्ड म्हणून दोघांनी वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांना न विचारता, वडिलांचं नाव सांगितलं.

दुसऱ्या अण्णांचं खातं उघडताना सर्व्हरने इंग्रजीत कळवलं की हे नाव आधीच आहे. अप्पा खूश झाले. "हाय म्हणतंय. मंजी नाव बसलं." मीही मान डोलावली. माझी चूक तिथली आहे, ती मी कबूल करतो.

पंधरा दिवसांनी एका मंगळवारी सकाळी तेलगावच्या अण्णांचा फोन आला. त्यांच्या मुलीला पुण्याचं स्थळ आलं होतं. पसंतीचं मेलने कळवतो, असं मुलाचे वडील सांगून गेले होते, कारण अण्णांनीच मोठ्या रुबाबात नवा पत्ता दिला होता. चार दिवस झाले, एक अक्षर नाही. मुलीकडच्यांनी आपणहून फोन करून विचारणं बरं दिसत नाही. घरात पोरगी गप्प, तिची आई गप्प.

अप्पांनी लगेच तेलगावच्या पत्त्यावर मेल टाकला, "चाचणी, तेलगाव." पाच मिनिटांनी माझ्याकडचा फोन वाजला, अप्पांचा इंटरनेटने अडवला होता. कॉलेजचा क्लार्क विचारत होता, तेलगावची चाचणी आमच्याकडे कशाला पाठवता?

अप्पा मटकन परातींवर बसले. मी पुस्तक उघडलं आणि जे पान सोडून दिलं होतं तेच नेमकं वाचलं. आम्ही खाती ज्या पद्धतीने उघडली होती, त्यात सर्व्हर डोमेन, म्हणजे ॲटच्या पलीकडचं गाव, बघतच नव्हता. फक्त अलीकडचं नाव बघून टपाल डब्यात टाकत होता. डबा एक, अण्णा दोन, आणि वडिलांच्या नावाची किल्ली दोघांकडे सारखीच. ज्याचा कॉम्प्युटर आधी सुरू होईल तो टपाल उतरवून घेई, दुसऱ्याला काही उरत नसे.

दोन्ही अण्णांची खाती निराळी करायला आम्हाला तास लागला. त्या तासात अप्पांनी चार वेळा पाणी मागितलं आणि एकदाही प्यायले नाहीत. मग आम्ही कॉलेजात गेलो.

धाकट्या अण्णांनी क्लार्कला बाहेर पाठवलं आणि खणातून एक कागद काढला. मेल छापून ठेवला होता. मुलगी पसंत आहे, रविवारी सुपारी फोडायला येतो, बुधवारपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही तर तुमचा विचार नाही असं समजू. कागदाला चार घड्या पडल्या होत्या.

"शनवारी आला," ते म्हणाले. "रोज वाटायचं नेऊन द्यावा. कोणत्या तोंडानं जाऊ? ती माझ्या मांडीवर वाढलीय, अप्पा." चष्मा काढून ते खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत राहिले.

आम्ही तेलगावची एसटी धरली. वाटेतल्या वडवणीपर्यंत मी अप्पांना समजावत होतो की मेल सर्व्हरमध्ये अडकला होता म्हणा, तिकडं कुणाला काय कळतंय? मला पाचही गिऱ्हाइकं जाताना दिसत होती. अप्पा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

जिनिंगच्या ऑफिसात थोरल्या अण्णांनी कागद वाचला, पुण्याला फोन लावून होकार कळवला, आतल्या घरी निरोप धाडला, आणि मग विचारलं की हा होता कुठे.

"बाळूअण्णाकडं," अप्पा म्हणाले. "चूक माझी. त्यांनी वाचला. वाचून रडले. मी डोळ्यानं बघितलं."

मी दाराकडे बघून ठेवलं. थोरल्या अण्णांनी कागदाच्या घड्या बोटाने सरळ केल्या, पुन्हा केल्या.

"रडला?"

"लई."

"त्याला कळलंच हाय, तर रविवारी यायला सांगा. सकाळीच ये म्हणावं, पाव्हण्यासारखा दुपारी नको."

परतीच्या गाडीत मला इतकं हलकं वाटत होतं की मी भेळ घेतली. एकही गिऱ्हाईक गेलं नव्हतं, उलट दोन भाऊ जोडले गेले होते, आणि हे सगळं मी अप्पांना भरल्या तोंडाने ऐकवत होतो. ते खिडकीबाहेर कपाशीकडे बघत होते. भेळेला त्यांनी हात लावला नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "माझं एखादं पत्र असं भलत्याच्या हातात पडलं, तर ते वाचून रडंल असं कोण हाय मला?"

अप्पा एकटे आहेत हे मला वीस वर्षं माहीत होतं. भिंतीला भिंत लावून बसत होतो आम्ही. पण ते कधी मनावर घ्यावं असं मला सुचलं नव्हतं. मी काहीतरी विनोद करायला गेलो आणि तो तोंडातच राहिला. उरलेली भेळ मी पुड्यात गुंडाळून ठेवली.