फक्त विचारून यायचं!

"पुस्तक खपवायला अक्कल लागते!" लेखकाने घरच्यांना जमवून ऐकवलं. पहिलीच कादंबरी, आणि पुस्तकांच्या ढिगाऱ्यात ती पार गडप झालेली. ही खपली नाही तर दुसरी छापणार नाही, असं प्रकाशकाने स्वच्छ बजावलं होतं. "मागणी दिसली की दुकानदार झक मारत पुस्तक मागवतो! तुम्ही फक्त जाऊन पुस्तकाचं नाव सांगायचं आणि विचारायचं, 'ती गाजणारी कादंबरी आली का हो?' नाही म्हणाला की हळहळायचं आणि घरी यायचं!"

घरचे कामाला लागले. मेहुणा गेला, मामी गेली, आत्या तर चष्मा बदलून पुन्हा गेली! दुकानदाराने खोकंभर प्रती मागवल्या आणि दारासमोरच्या टेबलावर रचल्या. लेखकाला आभाळ ठेंगणं झालं. तो मुद्दाम बघायला गेला, तोच सासूबाई आत शिरल्या. तो चटकन कपाटाआड झाला.

"ती गाजणारी कादंबरी आली का हो?"

"आली की! ही घ्या!"

सासूबाई गडबडल्या. 'आली' म्हणाला तर काय करायचं, हे जावयाने शिकवलंच नव्हतं!

"अहो, नको, नको! मला फक्त विचारायला पाठवलंय. आमच्या जावयांचीच आहे ती. घरी पलंगाखाली गठ्ठे पडलेत!"

दुकानदाराचा चेहरा पडला. "आणि त्या चष्मेवाल्या बाई?"

"जावयांच्या आत्या!" सासूबाईंनी कौतुकाने सांगितलं आणि त्या निघून गेल्या.

लेखकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे होऊन माफी मागावी, असं फार वाटत होतं, पण तो कपाटाआड आणखीच आत सरकला. दुकानदार दात-ओठ खात प्रती खोक्यात भरू लागला. तेवढ्यात एक अनोळखी बाई आल्या.

"ही कादंबरी मैत्रिणीकडून आणून वाचली मी. फार आवडली! स्वतःची एक प्रत हवी होती."

"पुरे झालं!" दुकानदार कडाडला. "तुम्ही कोण त्यांच्या? मावशी की काकू? निघा!"

बाई तणतणत बाहेर पडल्या. लेखक धडपडत त्यांच्यामागे धावला. त्याची पहिली खरीखुरी वाचक!

"अहो बाई!"

त्या वळल्या. "बघितलंत ना, कसा अंगावर आला! हे पुस्तक दुसरीकडे कुठे मिळेल हो?"

दुकानदार दारात येऊन दोघांकडे रोखून बघत होता.

"कोणाचं?" लेखकाने विचारलं.

बाईंनी लेखकाचं नाव सांगितलं, अगदी आडनावासकट.

"नाही बुवा," मान खाली घालून तो पुटपुटला, "कधी ऐकलं नाही."