सुमनकाकूंची सवत

अमेरिकेत, डॅलसशेजारच्या अर्विंगमधल्या आमच्या घरातून गाडी बाहेर काढायला नुसती किल्ली आणि लायसन्स पुरत नाही, केळुसकरकाकांचा अंगठा लागतो. मी रिव्हर्स टाकला की शेजारच्या पोर्चमधून काका ताडकन उठतात, आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी येऊन उभे राहतात आणि दोन्ही हात उंच करून खुणा सुरू करतात. ये, ये, डावीकडे, हळू, आता मुठी बंद, म्हणजे ब्रेक. मग गाडीभोवती एक प्रदक्षिणा. टायरला बुटाची ठोकर, आरशावर रुमाल. सगळं मनासारखं असलं की दोन पावलं मागे सरकून कडक सॅल्यूट आणि अंगठा वर. एकदा मीटिंगला उशीर होत होता म्हणून मी तशीच गाडी दामटली, तर मागच्या सीटवरून माझी मुलगी किंचाळली, "ममा, वेट! आजोबांनी थम्ब्ज अप नाही दिला!" घरभेदी कार्टी. थांबावं लागलं.

हे म्हातारपणी लागलेलं खूळ आहे असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. काका मूळचे वेंगुर्ल्याचे. तरुणपणी इथे येऊन एअर कंडिशनरच्या कारखान्यात लागले आणि ग्रीन कार्ड हातात पडल्यावर एक दिवस घरात कुणाला न विचारता नेव्हीच्या रिझर्व्हमध्ये, म्हणजे अर्धवेळ नौदलात, नाव घालून आले. डॅलसजवळ तेव्हा नेव्हीचा विमानतळ होता आणि तिथे रिझर्व्हची जेट अटॅक स्क्वाड्रन होती. महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे नेव्हीचे, बाकीचे दिवस ज्याच्या त्याच्या पोटापाण्याचे.

विमानं एका माणसाची, एका इंजिनाची, हल्ला करून परत येणारी. तीसुद्धा मोठ्या नेव्हीनं वापरून झालेली. थोरल्याचा शर्ट धाकट्यानं घालायचा तसा प्रकार. "आमचा एक पायलट आठवडाभर लोकांचे दात काढायचा आणि शनिवारी सरावाचे बॉम्ब टाकायचा," काका सांगतात. "बॉम्ब बरोबर जागेवर पडायचे. दातांचं मला ठाऊक नाही."

काकांचा हुद्दा होता प्लेन कॅप्टन. या शब्दानं आमच्या मराठी मंडळात वर्षानुवर्षं घोळ घातला होता. कॅप्टन म्हणजे हे जेट उडवत असणार, असं समजून एका अध्यक्षांनी शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कसले कॅप्टन! काचा पुसतात!"

अख्खा हॉल हसला. काका शाल सारखी करत म्हणाले, "पुसतो ना. विमान प्लेन कॅप्टनचं असतं. पायलट ते फिरवायला नेतो. नेलं तसं परत आणून दिलं पाहिजे." प्रत्येक विमानाला एक प्लेन कॅप्टन असतो. तो ते तपासतो, पुसतो, पायलटला पट्टे बांधून आत बसवतो, खुणा करून बाहेर काढतो आणि ते परत येईपर्यंत आभाळाकडे डोळे लावून बसतो. "विमान प्लेन कॅप्टनचं" हे वाक्य मी आजवर किमान दोनशे वेळा ऐकलंय.

दुसरं खूळ जमिनीवरचं. जेट इंजिनानं एक खिळा गिळला तरी कारभार आटोपतो, म्हणून स्क्वाड्रनमध्ये सकाळी सगळे खांद्याला खांदा लावून, माना खाली घालून धावपट्टीवरचा कचरा वेचत चालायचे. काका हे मंडळाच्या गणपतीला करायला लावतात. भाड्यानं घेतलेल्या शाळेचा पार्किंग लॉट, त्यात पैठण्या आणि सिल्कचे कुर्ते एका ओळीत, आणि काका ओरडताहेत, "गप्पा नकोत! नजर खाली!" एका वर्षी दोन स्क्रू, मूठभर हेअरपिना आणि माझ्या कुड्याची फिरकी मिळाली.

"ही इंजिनात गेली असती तर?" काकांनी दरडावलं.

"काका, इथे कुठलंय इंजिन?"

"नाहीये," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि मला उगीच बोलल्यासारखं झालं.

कारण ते खरंच आता कुठेच नव्हतं. शीतयुद्ध संपल्यावर या स्क्वाड्रन एकेक करून मिटल्या, काकांचीही मिटली. ट्रकवरून नाहीतर उडवत विमानं कुठे कुठे गेली. काकांच्या तोंडी एक हिशेब आहे, "अठ्ठावीस दिवस पोटासाठी जगलो गो, दोन दिवस माझ्यासाठी." सुमनकाकूंना हे वाक्य झोंबायचं. त्या दोन दिवसांत त्या अपार्टमेंटमध्ये एकट्या असायच्या. गाडी चालवता येत नव्हती, बोलायला माणूस नव्हतं. विमानाला त्या सवत म्हणायच्या. "सवतीकडून आलात का? हात धुवा, रॉकेलचा वास येतोय." वर्षातून एकदा तळावर फॅमिली डे असायचा. बायकापोरं जाऊन विमानं बघायची. काकू एकदाही गेल्या नाहीत. "सवतीचं तोंड मी बघणार नाही," हे त्यांनी मलाही ठणकावून सांगितलं होतं. सहा वर्षांपूर्वी काकू गेल्या.

गेल्या वर्षी काका आयपॅड छातीशी धरून माझ्या दारात आले. इथून तीन तासांवरच्या एका लहान गावातल्या संग्रहालयात त्यांचं विमान सापडलं होतं. त्यांचंच. शेपटीवरचा नंबर त्यांना गोत्रापेक्षा पाठ आहे. नवा रंग चढलेला, कॉकपिटखाली पायलटचं नाव झोकात रंगवलेलं. आणि पुढच्या चाकाच्या झाकणावर, जिथे प्लेन कॅप्टनचं नाव असतं, तिथे नुसता करडा रंग.

"रिकामं ठेवलंय गो," काका म्हणाले. त्यांचा आवाज असा मी पूर्वी ऐकला नव्हता.

मग चार महिने माझ्या मानेवर ते फॉर्म आणि ईमेल. संग्रहालयानं पुरावा मागितला. काकांकडे त्या झाकणाचा एकच फोटो होता आणि त्यात नेमक्या नावासमोर स्वतः काका उभे, कमरेवर हात ठेवून. अक्षर म्हणून दिसत नाही. मी वैतागले. सहावा ईमेल टाइप करताना बोलूनही गेले, "काका, या वयात नावाची एवढी हाव बरी नव्हे हां."

"हाव आहे गो," काका म्हणाले. "बाकी कसली राहिली नाही."

शेवटी संग्रहालयाला कुठल्याशा जुन्या यादीत डी. केळुसकर हे नाव सापडलं आणि बोलावणं आलं. शनिवारी मी काकांना घेऊन गेले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. विमान एका पत्र्याच्या शेडमध्ये होतं. काकांनी आधी टायरला ठोकर मारली, मग खिशातून रुमाल काढून झाकण पुसलं. रंगकाम करणारे हॅरल्ड नावाचे त्यांच्याच वयाचे आजोबा होते. त्यांनी नावाचं स्टेन्सिल कापून तयारच ठेवलं होतं. डी. केळुसकर, अगदी सुबक.

काकांनी ते पाहिलं आणि मान हलवली. "हे नाव नव्हतं."

सहा ईमेल! "काका, अहो तुमचंच आहे ना? दिगंबरचा डी!"

"सर, यादीत हेच आहे," हॅरल्डही गोंधळले.

"यादीत असेल. विमानावर नव्हतं," काका म्हणाले आणि एकेक अक्षर सुटं सुटं सांगू लागले. "एस. यू. एम. ए. एन."

"सुमन? काकू?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी रंगवणाऱ्यानं चिठ्ठीवर नाव लिहून मागितलं," काका माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले. "ती घरी एकटी बसली होती. लिहून दिलं. चीफ हसला, म्हणाला राहू दे. शेवटपर्यंत राहिलं."

"आणि काकूंना सांगितलं नाहीत?"

"सांगायचं नव्हतं गो, दाखवायचं होतं. फॅमिली डेला. ती सवत सवत म्हणून रुसायची, आणि मी मनात म्हणायचो, ये तरी एकदा. पुढच्या वर्षी येईल, पुढच्या वर्षी येईल... मग स्क्वाड्रनच गेली. विमान नाही, फोटोत मी आडवा. नुसतं सांगितलं असतं तर म्हणाली असती, थापा मारता."

मला रडू आलं, लपवायला मी पर्समध्ये उगीच फोन शोधू लागले. हॅरल्डना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी काही विचारलं नाही. स्टेन्सिल बाजूला ठेवलं. "विमान प्लेन कॅप्टनचं. तो सांगेल ते नाव," ते म्हणाले, आणि नवा कागद घेऊन पाच अक्षरं कापायला बसले. काका शेजारी उभे राहून खुणा करत होते. थोडं वर, थोडं डावीकडे, हं, बस.

रंग वाळल्यावर मी फोन काढला. "काका, उभे राहा तिथे. नावाजवळ. छान फोटो येईल."

"नको गो," काका म्हणाले. "मागच्या वेळी मीच आडवा आलो होतो."

दोन पावलं मागे सरकून ते फ्रेमच्या बाहेर गेले, सॅल्यूट केला, आणि त्यांनी अंगठा वर केल्यावरच मी फोटो काढला.