प्राचीच्या बोटांची फाईल

आमच्या गुणाकराला घर आणि हापीस यांतला फरक कळत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. बालाघाटात सरकारी खात्यात बडेबाबू झाल्यापासून हा मुलगा चहाही आधी वेळ बघून घेतो, आणि कोणी दिला ते लिहून ठेवतो.

त्याची प्राची सहा वर्षांची. बसली की पाठीचं धनुष्य होतं, पेन्सिल बोटांतून गळते. दवाखान्यातल्या बाईंनी तीन महिन्यांचा व्यायाम सांगितला. रोज दहा मिनिटं कणीक मळायची, दोरीवर चिमटे लावायचे, पोटावर झोपून हातपाय उचलायचे. शाळेनं बजावलं होतं, बोटांत जोर आला नाही तर पोरगी पहिलीतच राहील.

दुसऱ्या कुणी त्याच संध्याकाळी परात पुढं ओढली असती. गुणाकरानं रजिस्टर आणलं. 'हस्त-बल संवर्धन योजना'. अध्यक्ष तो, सचिव सूनबाई ज्योत्स्ना, आणि सहीपुरतं लिहिता येणारी मी निरीक्षक. उद्घाटनाला कणकेच्या गोळ्यापुढं नारळ फुटला. प्राचीनं गोळ्याला हात लावला तर हा ओरडला, "थांब! पहिले फोटो!" फोटो होईस्तोवर गोळा वाळून दगड झाला.

चिमट्यांसाठी तीन दुकानांचे भाव मागवले. बालाघाटचे दोन आले, किरनापुरचा अडला. आमच्या अंगणात दोरीवर वीस चिमटे लटकत होते.

"हेच घे ना बापा," मी म्हटलं.

"आई, ते कपडे वाळवायच्या मदातले, त्या खर्चाच्या खात्यातले आहेत. या मदात नाही वापरता येत. ऑडिट लागते."

"कोणाचं?"

"कोणाचंबी लागू शकते."

पोटावर झोपायला चटई मंजूर झाली, पण ती कोणत्या खोलीत अंथरायची यावर सूनबाईचा अभिप्राय यायचा राहिला.

नोंद मात्र एक दिवस चुकली नाही. रोज संध्याकाळी प्राची रजिस्टरावर नाक टेकेपर्यंत वाकायची आणि 'झाले'च्या रकान्यात खूण करायची. खाली ज्योत्स्नाची सही, त्याखाली माझी. यातच पाऊण तास जाई, मग व्यायामाला वेळ कुठला? दुसऱ्या महिन्यात प्रगती शंभर टक्के झाली, तिसऱ्यात एकशे बारा. किरनापुरहून जावई हेमराज खास पाहायला आले. पोरीला नव्हे, रजिस्टराला. म्हणाले, "भाऊ, एक कॉपी मलेबी देजा. आमच्या पोराची, संकेतचीबी पाठ वाकते."

तीन महिने भरले. दवाखान्यातल्या बाईंनी प्राचीच्या हातात चिमटा दिला. तिनं दोन्ही हातांनी दाबला, दातही लावले. उघडला नाही.

"कुछ किया भी है?" बाईंनी विचारलं.

गुणाकरानं रजिस्टर पुढं ठेवलं. बाईंनी नव्वद पानं उलटली, चेहरा निवळला, आणि लिहून दिलं, प्रगती समाधानकारक. त्यांनाही महिन्याचा अहवाल वर पाठवायचा होता. शाळेनं तो कागद पाहिला, पोरगी दुसरीत.

शाळेच्या पहिल्या दिवशी प्राची उघडा सदरा धरून उभी, आणि गुणाकर वाकून तिची बटनं लावतोय. वर मलाच म्हणतो, "आई, योजना सफल झाली ना?"

"हौ रे गुण्या, झाली. पोरगी दुसरीत गेली, तिची बोटं पहिलीतच राह्यली. आता तिच्या लग्नापर्यंत बटनं तूच लावून देजो, अन् रोज लिहिजो का तिनंच लावली. सहीची फिकीर नको करू. पोरीचा हात डोळ्यानं पाहूनबी सही मारणारी मी बसली आहो, अन् माह्यासारखा पुरा गाव बसला आहे."