बाळाची संमती

आजोबांचा उजवा गुडघा बदलून नऊ दिवस झाले होते. नवा गुडघा धातूचा होता आणि डॉक्टरांच्या मते तो आजोबांपेक्षा जास्त टिकणार होता. मात्र सहा आठवड्यांत तो नव्वद अंशांपर्यंत वाकायला हवा. नाहीतर आजूबाजूचे स्नायू आखडतील आणि पुन्हा भूल देऊन तो वाकवावा लागेल, असे त्यांनी कागदावर लिहून दिले होते. त्यामुळे मुलाने घरपोच आरोग्यसेवा देणाऱ्या एका संस्थेत नाव नोंदवले आणि संस्थेने फिजिओ बाईंना पाठवले.

बाईंना या कामाचा पंधरा वर्षांचा अनुभव होता. निघण्यापूर्वी त्यांच्या फोनवर सूनबाईंचा निरोप आला : ‘बेल वाजवू नये. दुपारी बाळ झोपलेले असते.’ बाई स्वतः दोन लेकरांची आई. त्यांनी जिन्यातच चपला काढल्या, हात स्वच्छ पुसले आणि बोटाच्या पेराने दारावर हलकेच टकटक केले. दार उघडले आणि बाळाने त्यांच्या दोन्ही खांद्यांवर पाय ठेवले. बाळाचे वजन चाळीस किलो होते.

“घाबरू नका,” सूनबाई म्हणाली, “ते काही करत नाही.”

“माझी ओढणी त्याच्या तोंडात आहे.”

“खेळतंय ते. तुम्ही ओढू नका हं, मग त्याला वाटतं तुम्हालाही खेळायचंय.”

अर्धी ओढणी बाळाकडे सोडून बाई आत गेल्या. आजोबा पलंगावर पाय लांब करून बसले होते. उभे आयुष्य त्यांनी विजेचे मीटर वाचले होते. रोज ऐंशी घरे, ऐंशी जिने. त्यामुळेच गुडघा गेला होता. बाईंनी कोनमापक लावला. बासष्ट अंश.

“बरं आहे की,” बाई म्हणाल्या. “रोज तीन-चार अंश वाढवू. दुखेल थोडं.”

“दुखू दे,” आजोबा म्हणाले. “मला जिना उतरून कोपऱ्यापर्यंत जायचंय. बाकी काही मागणं नाही.”

बाईंनी टाच धरून पाय मागे सरकवला. आजोबा “आई गं” म्हणाले. त्या खोलीतली फरशी घरात सगळ्यात गार असल्यामुळे बाळ दुपारी तिथेच झोपत असे. ओढणी टाकून ते तिथे येऊन पसरले होते; आता ते उठले आणि त्याने बाईंचा हात मनगटाच्या वर धरला. आजोबांच्या कण्हण्याची त्या घरात इतक्या तातडीने दखल घेणारे बाळ हे एकमेव होते, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे.

दोन दात उमटले होते. बाईंनी नळाखाली हात धरला, साबणाने धुतला. सूनबाईने कपाटातून एक सुबक वही आणून उघडून दाखवली.

“बाळाच्या सगळ्या लसी झाल्यात,” ती म्हणाली. “तुमच्या झाल्यात का? नाही म्हणजे, ते हातच तोंडात घेतं ना.”

बाईंनी हाताला पट्टी बांधता बांधता एक विनंती केली. अर्धा तास बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवता येईल का?

सूनबाईचा चेहरा पडला. “कोंडायचं? त्याच्याच घरात?”

“अर्धाच तास.”

“मॅडम, त्याला एकटं राहण्याचा त्रास आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय.”

आजोबा सकाळी नऊपासून त्या खोलीत एकटे होते. पण त्यांच्या डॉक्टरांनी तसे काही लिहून दिले नव्हते.

संध्याकाळी बाईंनी संस्थेच्या समन्वयकाला फोन केला. समन्वयक मृदू आवाजाचा तरुण होता. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “अॅपवर नोंद करा ना मॅडम. नोंद झाली की आम्ही बघतो.”

अॅपवर ‘व्यायाम न होण्याचे कारण’ या शीर्षकाखाली रुग्ण झोपलेला, रुग्ण बाहेरगावी, रुग्ण मृत आणि इतर असे चार पर्याय होते. बाईंनी ‘इतर’ निवडून ‘कुत्रा’ लिहिले. दुसऱ्या दिवशी समन्वयकाचाच फोन आला.

“मॅडम, तो शब्द जरा कठोर वाटतो. कुटुंबाला नोंद दिसते. त्यांनी आक्षेप घेतलाय.”

“मग काय लिहू?”

“‘घरातील सदस्य’ लिहा. मी दुरुस्त केलंय.”

अशा रीतीने अधिकृत नोंद तयार झाली : ‘घरातील सदस्याच्या विरोधामुळे व्यायाम होऊ शकला नाही.’

इकडे मुलगा आणि सूनबाई हात बांधून बसले नव्हते. उपचार थांबून चालणार नाही, हे त्यांना पटले होते. त्यांनी एक श्वानवर्तन सल्लागार बोलावला. तो गुडघ्यावर बसून बाळाशी वीस मिनिटे बोलला, आजोबांना ओझरता नमस्कार केला आणि निदान केले की बाळाला बाईंच्या हेतूविषयी शंका आहे. त्यावर उपाय बारा परिचय-सत्रांचा होता. बाईंनी दिवसाआड यायचे, दिवाणखान्यात जमिनीवर बसायचे, बाळाकडे पाहायचे नाही, हसायचे नाही कारण हसताना दात दिसतात, आणि आजोबांच्या खोलीकडे मुळीच वळायचे नाही.

“पण माझं काम त्या खोलीत आहे,” बाई म्हणाल्या.

“आधी विश्वास,” सल्लागार म्हणाला, “मग गुडघा.”

गुडघ्याला हा क्रम कोणी कळवला नाही. तो आपल्या वेळापत्रकाप्रमाणे आखडत राहिला.

बाई निमूट बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. तिसऱ्या सत्राला त्यांनी जमिनीवर बसल्या बसल्याच, दाराच्या फटीतून आजोबांना व्यायाम सांगायला सुरुवात केली.

“आजोबा, टाच गादीवरून मागे सरकवा. दहा वेळा.”

“काय सरकवू?”

“टाच.”

“खाट? एकट्याला कशी सरकेल?”

बाईंनी आवाज चढवला. बाळ गुरगुरले. सल्लागाराने कपाळाला हात लावला. चढ्या आवाजामुळे झालेली तिन्ही सत्रे वाया गेली होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती. मग बाईंनी कागदावर मोठ्या अक्षरांत व्यायाम लिहून, चित्रे काढून, सूनबाईच्या हाती आत पाठवले. आजोबांनी दोन दिवस मनापासून प्रयत्न केला. पण स्वतःचा गुडघा स्वतः दुखवायला माणसाला जेवढी हिंमत लागते, तेवढी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कुणाकडेच नसते. त्यासाठी दुसऱ्याचा हात लागतो.

एकदा बाळाला आंघोळीला नेले असताना बाई पटकन आत शिरल्या. कोनमापक लावला. चोपन्न.

“कमी झालंय ना?” आजोबांनी विचारले. आकडे वाचण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. बाईंचा चेहरा त्यांना मीटरसारखा वाचता आला.

“मी दुसरीकडे तक्रार करते,” बाई म्हणाल्या. “नाहीतर हे घर सोडते. दुसरं कुणी तरी येईल.”

“दुसऱ्या कुणाला आणखी बारा सत्रं लागतील,” आजोबा म्हणाले. “तू थांब पोरी. तुझी निदान सात झालीत.”

न्हाणीघराचे दार उघडल्याचा आवाज आला, तशा बाई दिवाणखान्यात येऊन जमिनीवर बसल्या. भिंतीकडे तोंड करून त्यांनी डोळे पुसले. बाळामागोमाग न्हाणीघरातून आलेल्या सल्लागाराने त्यांच्या शांत बसण्याचे कौतुक केले.

पाचव्या आठवड्यात आजोबांना रिक्षाने तपासणीला नेले. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला आणि संस्थेचा अहवाल उघडला. बाई प्रत्येक वेळी ठरल्या वेळी घरात हजर होत्या, त्यामुळे अॅपने सर्व भेटी ‘पूर्ण’ दाखवल्या होत्या. खाली तेवढीच एक ओळ होती, घरातील सदस्याच्या विरोधाची.

डॉक्टरांनी चष्म्यावरून आजोबांकडे पाहिले. “आजोबा, एवढ्या भेटी झाल्या आणि तुम्ही विरोध करताय? हा हट्टीपणा बरा नव्हे.”

“मी नाही,” आजोबा म्हणाले. “तो सदस्य वेगळा आहे.”

डॉक्टरांनी मुलाकडे पाहिले. मुलाने मान खाली घातली आणि म्हणाला, “वयामुळे होतं असं, डॉक्टर.” डॉक्टरांनी कागदावर ‘रुग्णाचे असहकार्य’ असे लिहिले आणि भूल देऊन गुडघा वाकवण्यासाठी पुढच्या आठवड्याची तारीख दिली. ती घेता आली नाही. मुलगा आणि सूनबाई दोघेही इस्पितळात राहिले असते, तर बाळाजवळ कोण थांबणार होते? तारीख पुढे ढकलली.

आणि मग बाराव्या सत्राला चमत्कार झाला. बाळ उठले, बाईंपाशी आले आणि त्यांच्या मांडीवर डोके ठेवून आडवे झाले. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आले. मुलगा कामाचा फोन अर्ध्यात ठेवून धावत आला. सल्लागार कुजबुजला, “संमती मिळाली. कोणी हलू नका.” कोणी हलले नाही. सूनबाईने फोन काढून चित्रण सुरू केले.

आजोबांच्या खोलीचे दार त्या दिवशी पहिल्यांदाच सताड उघडे होते. बाहेर एवढा आनंद कसला, हे पाहायला आजोबा वॉकर धरून उठू लागले. अर्धे उठले. गुडघा वाकेना, म्हणून पाय पुढे तसाच ताठ राहिला, तोल गेला आणि ते पलंगाच्या कडेवर बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. बाईंना ते दिसत होते. “आजोबा,” त्या म्हणाल्या आणि उठू लागल्या. पण सल्लागाराने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मांडीवर चाळीस किलो होते. आजोबा तिसऱ्यांदा उठले आणि खाली गेले, ते पलंगावर नाही.

आता भूल देऊन गुडघा वाकवता येत नाही, कारण आधी खुब्याचे हाड जुळायला हवे. संस्थेने बाईंना ‘प्राणिस्नेही सेविका’ हे प्रमाणपत्र दिले आणि कुत्री असलेली सगळी घरे त्यांच्याकडे वर्ग केली. बाईंनी प्रमाणपत्र घेतले आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा पाठवला. संस्थेच्या अॅपवर त्याचे कारण ‘इतर’ असे नोंदलेले आहे.

व्हिडिओ मात्र खूप लोकांपर्यंत पोचला. पहिल्या दिवशी तो अकराशे जणांनी पाहिला. अनेकांनी बाळाला कोणता शाम्पू वापरता, असे विचारले. मागच्या दारात दिसणारा म्हातारा फक्त एकाच्या लक्षात आला. त्याने लिहिले : ‘मागे कोणीतरी सारखं उठबस करतंय, त्यामुळे लक्ष विचलित होतं. तेवढा भाग कापता आला तर बघा.’

सूचना रास्त होती. सूनबाईने डावी बाजू कापून व्हिडिओ त्याच जागी पुन्हा टाकला; खालच्या सूचना तशाच राहिल्या. तुम्ही पाहिलात तो हाच, कापलेला; तेव्हा तुम्हाला कोणी बोल लावू शकत नाही. फक्त त्या सूचनेखाली दोनशे चाळीस लाल बदाम आहेत, त्यांत आपला एक नाही ना, एवढे सवडीने पाहून घ्यावे.