पूर्वेला टोक केलेले शंख

"रोज एक तरी वाकडी वस्तू सरळ करत जा. आणि दुपारी बारापर्यंत तोंड उघडू नकोस. निम्मी पापं तिथेच वाचतात."

आई शेवटच्या आजारपणात मला हे म्हणाली. त्याला अकरा वर्षं झाली. सांगायला संकोच वाटतो, पण गेल्या आठवड्यापर्यंत या दोन्ही व्रतांत एका दिवसाचाही खंड पडला नव्हता. तापात नाही, प्रवासात नाही. दाढ काढली त्या दिवशी तर मुळीच नाही. बारापर्यंत मी बोलत नाही, तशी लिहीतही नाही. कागदावर बोलणं ही पळवाट झाली, आणि देवाला वाचता येतं.

घरातल्या वाकड्या वस्तू तीन वर्षांतच संपल्या. नवरा तेवढा उरला होता, पण त्याने हात जोडले. मग मी मोर्चा कामाच्या जागी वळवला.

मी जीवाश्मांच्या संग्रहालयात कामाला आहे. जीवाश्म म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर घराएवढे सांगाडे येतील. आमच्याकडे तसलं काही नाही. आमच्याकडे शंख, शिंपले, प्रवाळ, म्हणजे ज्यांना कणाच नव्हता अशी मंडळी. त्यांची धूळ झटकणं, चिठ्ठ्या चिकटवणं, खणात ठेवणं हे माझं काम. माझी सख्खी भाची तिथेच संशोधन करते. चार वर्षं एका खाणीत उन्हात बसून तिने मऊ चिकणमातीचा दाराएवढा ठोकळा प्लास्टरमध्ये गुंडाळून आणला होता. त्याच्या वरच्या अंगाला दोनशेच्या वर लांबट, निमुळते शंख, मधेमधे काही शिंपले, जसे मेले तसे पडलेले.

भाचीचं म्हणणं असं, की नऊ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, शांत खाजण होतं. पाणी वाहतं असतं तर शंखांची टोकं एका दिशेला वळली असती. हे दाही दिशांना टोकं करून पडले होते, म्हणजे पाणी निवांत. तळाच्या चिखलावर शेवाळ, शेवाळ खाणारे शंख, त्या शंखांना बारीक भोक पाडून खाणारे दुसरे शंख. सगळा गाव तिने प्रबंधात वसवला होता, कोण कोणाला खायचं त्यासकट.

हे सगळं तिने मला नीट समजावून सांगितलं होतं. पण सकाळी. सकाळी मी बोलत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं मी ऐकते.

प्रबंध तपासायला परीक्षकबाई येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी खोली झाडायला गेले, आणि ठोकळ्यावरचं कापड काढून पाहिलं. काय तो पसारा! पाहुणे यायचे आणि दारात चपला अशा पडलेल्या? माती ओलसर ठेवली होती, शंख बोटाने अलगद सुटत होते. प्लास्टरवर उत्तरेचा बाण काढलेला, त्यामुळे सोयच झाली. एकेक शंख उचलला, कुंचल्याने पुसला आणि टोक पूर्वेला करून परत दाबला. कुणाचंही असो, टोक उगवतीकडे असावं. तीन तासांत दोनशे शंख शाळेच्या प्रार्थनेसारखे रांगेत उभे राहिले. एक उरला. घड्याळ उघडून परत लावलं की एक स्क्रू उरतोच. तो मी एप्रनच्या खिशात टाकला आणि समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला परीक्षकबाई आल्या. बारीक चणीच्या, गळ्यात दोरीला भिंग. सोबत आमचे विभागप्रमुख. भाचीने कापड बाजूला केलं आणि तिचा चेहरा आणि प्लास्टर एका रंगाचे झाले.

परीक्षकबाईंनी भिंग डोळ्याला लावलं. "प्रबंधात तर लिहिलंय, शंख दाही दिशांना आहेत."

"होते," भाची म्हणाली. "काल होते."

"नऊ कोटी वर्षं होते आणि काल वळले?"

"माझ्याकडे फोटो आहेत, मॅडम."

"फोटो कुठल्याही ठोकळ्याचा निघतो. मी समोर दिसतं ते मानते." त्यांनी भिंग खाली सोडलं. "आकडे बनवलेले असतील तर प्रबंध इथेच संपला. परत नोंदणीही होणार नाही, एवढं लक्षात घे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घड्याळात पावणेअकरा.

विभागप्रमुखांना मात्र हर्ष झाला होता. त्या जागी प्रचंड सागरी प्रवाह होता, असा त्यांचा वीस वर्षांपूर्वीचा सिद्धांत. तो त्यांच्याशिवाय कुणीच मानला नव्हता. "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो," ते म्हणाले.

"प्रबंधाच्या प्रत्येक प्रकरणावर तुमची सही आहे," परीक्षकबाई म्हणाल्या.

"सही मार्गदर्शक म्हणून केली. शास्त्रज्ञ म्हणून मत राखून ठेवलं होतं." त्यांनी कोनमापक काढून रांगा मोजल्या. "बरोबर पूर्व. एका अंशाचा फरक नाही. निसर्गाची शिस्त बघा."

निसर्ग कोपऱ्यात फडकं घेऊन उभा होता.

"पण या शिंपल्यांची दोन्ही झाकणं मिटलेली आहेत," परीक्षकबाई म्हणाल्या. "एवढा प्रवाह असता तर ती सुटून वाहून गेली असती."

"प्रवाह त्यांना वळसा घालून गेला असेल."

मला राहवेना. मी पुढे झाले, स्वतःकडे बोट केलं, शंखांकडे केलं आणि मनगट गोल फिरवून दाखवलं.

"बघा, आमच्या बाईंनाही कळलं," विभागप्रमुख म्हणाले. "गोल. म्हणजे भोवरा होता." आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मी दोन्ही हात जोरजोराने आडवे हलवले.

"आधी असा, मग असा. भरती-ओहोटी! वा."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"वरून काही आदळलं?" त्यांचा आवाज घोगरा झाला. "उल्का?"

"मावशी," भाची म्हणाली, "तू तरी गप्प बस गं."

अकरा वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं.

साडेअकरा झाले. परीक्षकबाईंनी घड्याळ पाहिलं. पावणेबाराला त्यांची गाडी होती. भाची प्रबंधाची पानं गोळा करू लागली. एक पान खाली पडलं, ते तिने उचललंसुद्धा नाही. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, तेवढा अर्धा तास सोड. देव काही बोलला नाही. त्याचंही बहुतेक बारापर्यंत मौन असावं.

"मी लावले ते," मी म्हणाले.

कुणी वळूनही पाहिलं नाही. माझा आवाज मुळातच असा, की फोनवर लोक चार वेळा हॅलो म्हणून ठेवून देतात. अकरा वर्षांचं व्रत मोडलं आणि ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

"मी लावले ते शंख! काल दुपारी. माझ्या हातांनी!"

आता मात्र शेजारच्या खोलीतला कारकूनही आला.

"तुम्हाला बोलता येतं?" विभागप्रमुखांनी विचारलं. गेली सहा वर्षं ते रोज सकाळीच मला भेटत होते.

मी खिशातला शंख काढून परीक्षकबाईंच्या हातावर ठेवला. "हा उरला."

"उरला म्हणजे?"

"रांगा पूर्ण झाल्या होत्या."

त्यांनी तो भिंगाखाली धरला. टोक तुटलेलं, पोटाला बारीक भोक. मग त्यांनी भाचीचे फोटो मागितले आणि बराच वेळ पाहिले. डाव्या कोपऱ्यात तोच शंख होता. तुटकं टोक तेच, भोक तेच, तोंड भलतीकडेच.

"फोटो याच ठोकळ्याचे आहेत," त्या म्हणाल्या. "मुलगी खरी आहे. पण ठोकळा आता पुरावा राहिला नाही. त्याच थरातला दुसरा आणा, आठ दिवसांत. तो मी पाहीन आणि मग ठरवीन."

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," विभागप्रमुख म्हणाले, "खाजणच."

जाताना परीक्षकबाई माझ्यापाशी थांबल्या. "पूर्वच का?"

"उगवती असते."

त्यांनी अहवालात काय लिहिलं ते मी नंतर वाचलं. 'ठोकळ्यात मानवी हस्तक्षेप झालेला आहे. स्वरूप धार्मिक.'

भाची दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली. "मावशी, खाणीत उचलायला माणसं कमी पडतायत."

"मी येते."

"येशील गं. पण आधी शब्द दे."

"दिला. ठोकळा गाडीत चढवीन, इथे उतरवीन. मधे एकाही शंखाला बोट लावणार नाही."

"बोट म्हणजे अंगठासुद्धा."

"अंगठासुद्धा."

नुसत्या शब्दावर तिचा विश्वास बसला नसावा. आज सकाळी तिने भट्टीवर वापरायचे जाड हातमोजे आणले, माझ्या कोपरापर्यंत चढवले आणि वरून सुतळीने बांधले. यात बोटांना एकमेकांची ओळखही राहत नाही. खाली गाडी उभी आहे. जिन्यात शेजारीण भेटली, मोज्यांकडे बघून म्हणाली, "अगंबाई, भाजलं का?" बारा वाजायचे होते. मी नुसती मान खाली घातली, कोपर कठड्याला टेकवला आणि एकेक पायरी बघत खाली उतरले.