आबांच्या नावावरचा चष्मा

"मास्तर, तुम्ही फळ्यावर खरंच काही लिहिता, की नुसता हात फिरवता?"

हा प्रश्न मी भर वर्गात विचारून दाखवावा, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. ती मी जिंकले. सोपानराव मास्तर पंचवीस वर्षं गणित शिकवताहेत. उत्तर न येणारी मुलं त्यांनी हजारो पाहिली, पण प्रश्नच न दिसणारी मुलगी त्यांना पहिल्यांदा भेटली. त्यांनी छडी उचलली, पुन्हा खाली ठेवली, आणि मला एकेक बाक पुढे सरकवत 'आता दिसतं का' असं विचारत गेले. बाक संपले. फळ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिले तेव्हा कुठे मला कळलं की जूनपासून तिथे बीजगणित चालू आहे. (मी समजत होते, मास्तर खडूची धूळ झटकतात.)

आपल्याला दिसत नाही, ही गोष्ट माणसाला सगळ्यात शेवटी दिसते. आणि आपल्याला दिसत नाही हे चारचौघांना कळणं, हे न दिसण्यापेक्षा कितीतरी वाईट, हा आमच्या चिंचवडचा सर्वमान्य सिद्धान्त आहे. मास्तरांना तो ठाऊक नसावा. त्यांनी घरी चिठ्ठी धाडली: मुलीस चष्मा लावावा, नववीच्या वार्षिक परीक्षेत प्रश्न फळ्यावर लिहिले जातात, सबब चष्म्याविना पास होणे अशक्य. आमच्या घरातला कायदा सुटसुटीत आहे. नापास झाले की शाळा बंद आणि लग्न. म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य दोन काचांवर येऊन ठेपलं होतं. मला दहावीला जायचं होतं, अकरावीलाही जायचं होतं, आणि त्यापुढे काय असतं तेही एकदा बघून यायचं होतं.

चिठ्ठीवर विचार करायला घरात सभा बसली. सभासद तिघे: आबा म्हणजे माझे वडील लक्ष्मणराव, चाकणच्या बाजारात कांद्याचे अडते, आई, आणि आबांची थोरली बहीण आक्काआत्या, जिला मत एकच असतं पण ते अखेरचं असतं. प्रथम वस्तुस्थितीचा आढावा घेण्यात आला. गावात एकूण चष्मे अकरा. पैकी पुरुषांचे दहा (त्यातल्या एकाला काचा नाहीत, पण मालक समाधानी आहे). बायकांचा एक, तोही सत्तरीतल्या बाईचा. लग्नाच्या मुलींचे चष्मे शून्य. त्यावरून आक्काआत्यानं निष्कर्ष काढला की चिंचवडच्या मुलींना पूर्वापार उत्तम दिसतं, आणि ही परंपरा आपल्या घरानं मोडू नये.

"पोरीच्या नाकावर काचा बघितल्या तर कोन करून घेईल तिला?" आत्या म्हणाली. "पुन्यात नेलंस तर तू स्टेशनावर उतरायच्या आधी बातमी गावात हाय."

आबांना हे पटलं. पुण्यातल्या चष्म्याच्या दुकानात ओळखीचं कोणी भेटणार नाही, याची खात्री देता येत नव्हती. मुंबईत तर आमचे नातेवाईक पुण्याहून जास्त. विचार करत करत सभा देशाच्या हद्दीबाहेर गेली. मडगावच्या एका व्यापाऱ्याला आबा चाकणचा कांदा धाडत असत, आणि तो दरवर्षी या म्हणायचा. गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य. म्हणजे तो कायद्यानं परदेश. सबब ठराव झाला की दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब परदेशी हवापालटाला जावं, आणि हवा पालटता पालटता, कुणाला न कळेल असा, एक चष्मा करून आणावा. डोळे इथे बिघडले तरी ते तपासायला दुसऱ्या राज्यात जाण्याची ही दूरदृष्टी मला फार आवडली. घरात दूरचं दिसणारं कुणीतरी होतं म्हणायचं.

परदेश चांगला आहे. तिथे पोहोचायला आगगाडीला एक बोगदा संपला की दुसरा लागतो, आणि पेट्या दोनदा उघडाव्या लागतात: कॅसलरॉकला आपल्या सरकारसाठी, पुढे त्यांच्या सरकारसाठी. दोन्ही सरकारांनी आमचे दिवाळीचे लाडू मोजले. परदेशातली माणसं आपल्यासारखीच दिसतात (निदान मला सगळी सारखीच दिसत होती).

मडगावला चष्म्याच्या दुकानात नायक नावाचे म्हातारे गृहस्थ होते. तिथे ऐनवेळी आईच्या मनात आलं की परदेश झाला म्हणून काय, इथे कांदा आपल्याकडूनच येतो. त्याच्या पैशांसोबत बातमीही परत येईल. म्हणून चष्मा माझ्यासाठी आहे हे दुकानदारालाही कळू द्यायचं नाही असं ठरलं. आबा खुर्चीत बसले. मी त्यांच्यामागे उभी राहिले. समोरची अक्षरं मी डोळे बारीक करून पुटपुटायची आणि आबांनी ती मोठ्यानं म्हणायची, अशी व्यवस्था होती. आबांची नजर इतकी तेज की बैलगाडीवरच्या पोत्यातला नासका कांदा त्यांना रस्त्यावरून दिसतो. पण त्या दिवशी ते समोरचं हाताएवढं अक्षर वाचेनात. माझ्या पुटपुटण्याची वाट बघत राहिले.

नायकांनी थोडा वेळ आमच्याकडे पाहिलं. मग तपासणीच्या काचांची चौकट आबांच्या नाकावरून काढून हळूच माझ्या नाकावर ठेवली.

"बाबा दमलेत," ते म्हणाले. "बाय, तू घालून सांग, त्यांना कुठली बरी पडेल."

त्यांनी एक काच बदलली, दुसरी बदलली, आणि रस्त्यापलीकडच्या झाडाला अचानक पानं आली. सुटी सुटी, मोजता येतील अशी. मी वळून आईकडे पाहिलं. आईच्या कपाळावर तीन आठ्या होत्या. त्या कधीपासून होत्या कोण जाणे; मी तर तिचं कपाळ गुळगुळीत समजून पंधरा वर्षं काढली होती.

नायकांनी वहीत नाव लिहिलं: लक्ष्मणराव, चिंचवड. नंबर माझा, नाव आबांचं, चौकट पुरुषी आणि जाड. चष्मा तयार झाला.

इथपर्यंत सगळं ठरावाप्रमाणे झालं. परतताना कॅसलरॉकला कोणीतरी सांगितलं की नवी परदेशी वस्तू पेटीत सापडली तर जकात, अंगावर असली तर वापरातली. आबांनी चष्मा चढवला. नेमके त्याच डब्यात आमच्या आळीतले चिमाजी शिरले, जे मिरजेला मेहुण्याकडे जाऊन येताना चुकून उलट्या गाडीत बसून इथवर आले होते.

"लक्ष्मणराव, चष्मा?" चिमाजी म्हणाले. "आन त्यो बी फॉरेनचा?"

"व्हय," आबा म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

पुण्याला आम्ही पेट्या उतरवून मोजेपर्यंत चिमाजी पुढची गाडी पकडून गावात पोहोचले. तेव्हापासून आबांना चष्मा काढणं अशक्य झालं. डोळे उत्तम असलेला माणूस माझ्या नंबरचा चष्मा घालून रोज चाकणला जाऊ लागला. त्याचे परिणाम येणेप्रमाणे. त्या काचांतून सगळं लहान दिसतं; त्यामुळे आबांना बाजारातला सगळा कांदा गोल्टी, म्हणजे सुपारीएवढा, दिसू लागला आणि ते 'माल बारीक आहे' म्हणून नाक मुरडू लागले. पारख फार कडक झाली, असा त्यांचा लौकिक पसरला. जमीनही त्यांना दूर दिसे. त्यामुळे ते पाऊल उंच उचलून, जपून टाकू लागले. ही परदेशी चाल आहे असं ठरून डिसेंबरपर्यंत बाजारातले चौघे तसं चालायला लागले. आबांचं डोकं ठणके, पण प्रतिष्ठा एवढी वाढली की डोक्याची तक्रार करणं शोभलं नसतं. गावातले दहा पुरुषी चष्मे स्वदेशी होते. त्यांच्याकडे आता कुणी बघेना.

मला चष्मा रविवारी मिळे, दुपारी, दार लावून, स्वयंपाकघरात. त्यामुळे आमची फडताळं, मिसळणाचे डबे आणि आक्काआत्या यांचा माझा अभ्यास पक्का झाला. बीजगणित मात्र शाळेत होतं.

मार्चमध्ये, परीक्षेच्या आदल्या दिवशी, तळेगावचे अर्जुनराव मुलाला घेऊन मला बघायला आले. मी चहा घेऊन बाहेर गेले. मला बैठकीत पाच-सहा पांढरे धब्बे दिसले. सगळ्यात मोठ्या धब्ब्याला मी वाकून नमस्कार केला. ते भिंतीला टेकवलेलं कांद्याचं पोतं निघालं. मग अंदाजानं कप पुढे केले, खाली बसले, आणि कोण कुठून बोलतंय हे कळेना म्हणून जमिनीकडे बघत राहिले.

अर्जुनरावांना गहिवरून आलं. "आजकाल अशी पोर मिळत न्हाई," ते आबांना म्हणाले. "धान्या-कांद्यालासुदिक नमस्कार करती. आन नजर कशी, वर म्हनून उचलली न्हाई. परीक्षा-बिरीक्षा कशाला आता? वैशाखात उरकून टाकू."

ते गेल्यावर सगळे आनंदात होते. आत्यानं मुलगा कसा वाटला विचारलं. मी म्हटलं, एक होता की दोन? आत्या म्हणाली, ह्याला म्हणतात मर्यादा.

आबा तेवढे हसले नाहीत. ते कपाळ चोळत, चष्मा हातात धरून बसले होते.

वाचकहो, इतका वेळ तुम्ही आबांना, आत्याला, अर्जुनरावांना हसत होतात. तुम्ही सुधारलेले आहात. पुस्तकं वाचता. आता मनावर हात ठेवून सांगा: तुमच्या मुलासाठी मी सांगून आले, शिकलेली, तोंडाची जरा फटकळ, जाड चौकटीचा चष्मा घातलेली, तर पुढचा प्रश्न काय विचाराल? 'नंबर केवढा आहे' हाच ना?

तो तुम्ही विचारून होईपर्यंत मी उठले, आबांच्या हातातून चष्मा काढून घेतला आणि नाकावर ठेवला. आबांनी तो जराही घट्ट धरला नव्हता. आईच्या कपाळावर आता चार आठ्या होत्या.

"आबा, आई," मी म्हणाले, "उद्या मी हा घालून परीक्षेला चालले, आळीतून, दिवसाढवळ्या. अर्जुनरावांना कळवा की त्यांनी मुलाला घेऊन पुन्हा यावं, पण निकाल लागल्यावर. त्यांनी मला बघितलंय. मी अजून त्यांना बघितलेलं नाही."