काचेतली झोप

झोपेचा बंदोबस्त मी करून टाकलाय, असं त्या सोमवारी सकाळी मी बायकोला ठणकावून सांगितलं. ती हसली नाही. गेली दोन वर्षं ती माझ्या कुठल्याच घोषणेला हसत नाही. दमलीय बिचारी.

मी गाद्यांच्या दुकानात विक्रेता आहे. दिवसभर लोकांना झोप विकतो आणि स्वतः पहाटेपर्यंत छताकडे बघतो! कारण संधिवात. दोन वर्षांपूर्वी आला आणि घरजावयासारखा मुक्काम ठोकून बसला. कूस बदलायची तर आधी खांद्याची परवानगी, मग कमरेची, मग गुडघ्यांची. सुजेवरची गोळी घ्यावी, तर ती सुजेबरोबर झोपही पळवून लावते!

म्हणून मेहुणीनं मॅग्नेशियम सुचवलं. समोरच्या निवृत्त कंपाउंडरनं कसल्याशा मुळीच्या गोळ्या. मोबाइलनं मेलाटोनिन. तिन्ही आणली.

"अहो, डॉक्टरांना एकदा विचारा तरी," बायको म्हणाली.

"त्यांना कशाला त्रास? ही काय औषधं आहेत? पूरक आहेत, पूरक!"

दुकानात मात्र यातलं अवाक्षर नाही. आठ तास उभं राहायची, गाद्या उचलायची नोकरी. सांधे दुखतात म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरे सांधे आले असते!

तर त्या सोमवारी. बायकोनं सकाळ-रात्र असे कप्पे असलेली डबी भरून ठेवली होती. माझ्या सुजलेल्या बोटांना झाकण उघडेना. चमच्यानं उचकटलं, आणि आठवडाभराच्या गोळ्या फरशीवर!

"काय सांडलं हो?" न्हाणीघरातून आवाज.

"काही नाही!"

वाकता येईना म्हणून झाडूनं गोळा केल्या. पांढऱ्या त्या सकाळच्या, असं मनाशी ठरवलं आणि चार पुसून गिळल्या. झोपेच्या तिन्ही गोळ्याही पांढऱ्याच असतात, हे ज्ञान मला उशिरा झालं.

अकराच्या सुमाराला एक बाई दुकानात आल्या. चष्मा, हातात कापडी पिशवी.

"ही काचेतली गादी मऊ आहे की कडक?"

"आडवं होऊन दाखवतो ना!" मालकांचा नियमच आहे तो. मी दर्शनी काचेतल्या गादीवर आडवा झालो. "बघा बाई, पाठीला कसा आधार..."

पुढचं सगळं मला नंतर कळलं.

बाई चाळीस मिनिटं उभ्या होत्या. शेवटी मालकांना म्हणाल्या, "प्रात्यक्षिक फारच लांबलंय हो!"

मालक पक्के व्यापारी. "गादीचा गुण आहे, बाई!" म्हणाले. मी घोरत होतो. बाहेर गर्दी जमली. कुणीतरी काचेवर टकटक केली. मी हललो नाही! त्या तासाभरात तीन गाद्या खपल्या. बाईंनी तर हट्टच धरला, "मला हीच पाहिजे, हे झोपलेत तीच!" मग मालक मला उठवायला आले. हाक मारली. उशी मारली. कानाशी किल्ल्यांचा जुडगा वाजवला. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी बायकोला फोन लावला.

ती डॉक्टरांना घेऊनच आली, आणि भर गर्दीत ओरडली, "अहो, संधिवाताची गोळी कुठली घेतलीत? किती घेतल्यात?"

झालं! दोन वर्षं झाकलेलं गुपित भर चौकात.

साडेतीनला मी डोळे उघडले. बायकोनं माझा हात घट्ट धरला होता. हात दुखत होता, पण सोड म्हणवेना. डॉक्टर नाडी सोडून म्हणाले, "पूरक, नाही का? पोटात औषधांचं दुकान उघडलंय तुम्ही! हे सगळं बंद. सुजेची गोळी सकाळी घ्यायची, आणि मला विचारल्याशिवाय काही गिळायचं नाही."

मालक कोपऱ्यात उभे. नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो.

"दोन वर्षं?" ते म्हणाले. "आणि माझ्या गाद्या उचलत होतात?" त्यांनी काचेतल्या गादीकडे बघितलं. "उद्यापासून उचलायचं नाही. नुसतं झोपायचं. रोज अकराला, काचेत!"

आणि मला झोप येईना! आठ दिवस मी काचेत डोळे मिटून पडलो आणि पंख्याचे फेरे मोजले. घरी तेवढी रात्री तीन-चार तास झोप लागू लागली. गाद्यांची विक्री मात्र पुन्हा पहिल्यासारखीच थंड.

नवव्या दिवशी त्या बाई आल्या. मागे हातगाडीवर गादी.

"परत घ्या. मला मधुमेह आहे, पायांची आग होते, चार वर्षं धड झोप नाही. तुम्हाला बघून वाटलं, मिळाली एकदाची! कसली मिळतेय! तुम्ही कसे झोपला होतात हो?"

मालकांनी माझ्यावर डोळे वटारले. विकलेली गादी दारात परत आलेली. मी बाईंच्या डोळ्यांखालची वर्तुळं बघितली. ती मला ओळखीची होती.

"बाई, ती गादी नव्हती," मी म्हणालो. "चुकून घेतलेल्या गोळ्या होत्या. डॉक्टरांनी खरडपट्टी काढली माझी. तुम्हीही आधी तुमच्या डॉक्टरांनाच..."

बाईंनी पुढचं ऐकलंच नाही. पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं.

"कुठल्या गोळ्या?"

"अहो, नको..."

आता मालक दोघांनाही हाकलणार, म्हणून मी मान खाली घातली. तेवढ्यात गल्ल्यामागून मालकांचा आवाज आला, अगदी हळू, लाजल्यासारखा.

"जरा सावकाश सांगा. मीही लिहून घेतो."